रिंगणातली बाई

(सावली येथे गुरुजींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छापताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शाळेत आम्हांला शिकवणाऱ्या गुरुजींच्या नावाने उभे राहायचे म्हणजे शिक्षणावर बोलावे, शेतीवर बोलावे, अशी रीत आहे. ज्या सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाची सभा भरली, गांधीजी मुक्कामाला राहिले, त्या गावात तसे विषय शोभतातही. मी मात्र आज एका भुताच्या सिनेमावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आयोजकांनी फोन करून पुन्हा एकदा विचारून घेतले. पण या सिनेमाचे आणि माझे एक जुने देणे आहे. ते फेडायला गुरुजींच्या व्यासपीठाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

गोष्ट १९८९-९० च्या हिवाळ्यातली. मी तेव्हा सातवीत होतो. धान चुरून झाले होते, अंगणाअंगणात तणसीचे ढीग लागले होते. आमच्या मोहल्ल्याने वर्गणी गोळा करून मूल गावाहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. एका रात्रीत तीन पिक्चर. आपण झाडीपट्टीची, या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातली माणसे. नाटकासाठी रात्रभर बसायची सवय आपल्या हाडात आहे. बाया पुढे ताडपत्रीवर, पोरे तणसीवर, बापे मागे खाटांवर आणि बैलगाडीच्या जुवावर. पहिला पिक्चर देवाधर्माचा होता, दुसरा मारामारीचा. रात्री दोनच्या सुमारास तिसरा लागला. त्याचे नाव 'वीराना'.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंगलात नकिता नावाची चेटकीण आहे, ती पुरुषांना भुलवून मारते. गावच्या ठाकूरचा धाकटा भाऊ तिला पकडून आणतो, आणि गावकरी तिला फासावर लटकवतात. तिचा चेला असलेला तांत्रिक बाबा ते प्रेत घेऊन जातो आणि सुडाची शपथ घेतो. बाबा आणि त्याचा पंथ ठाकूरच्या लहानग्या मुलीला पळवतात आणि नकिताचा आत्मा त्या मुलीच्या देहात घालतात. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या पंथाने ठाकूरच्या घराण्यावर उगवलेला सूड. राजेश विवेक यांनी केलेला तो बाबा आजही डोळ्यांसमोर आला की मान आखडते.

फाशीचा प्रसंग आला तेव्हा आमच्या अंगणात टाळ्या वाजल्या. कुणी शिट्टी मारली. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "असंच पाह्यजे." मीही टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, घोंगडी पांघरून एक बुढी बसली होती. चारोळी, मोहफुले, हिरडा गोळा करून विकायची. एकटी होती. तिच्या शेजारच्या घरात दोन वर्षांत दोन लेकरे गेली होती आणि तेव्हापासून बाया तिच्या दारावरून जाताना पदर सावरून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन निघाली तर आमच्यातल्या एकाने हाक मारली, "नकिता!" मग सगळ्यांनीच. आठवडाभर तिला दुसरे नाव उरले नाही. ती वळून म्हणायची, "काहून रे पोट्टेहो, मी काय केलं तुमचं?" एके दिवशी कुणीतरी दगड मारला, मग दुसऱ्याने. तिसरा माझा होता. तो तिच्या घोट्याला लागला. ती खाली बसली आणि सांडलेली चारोळी एकेक करून वेचू लागली. आमच्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

गुरुजींना हे कळले. त्यांनी आम्हांला मारले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात एक लिंबू आणले, एक सुरी आणली. लिंबू कापले तर लाल रस गळला. वर्ग किंचाळला. मग त्यांनी खिशातून जास्वंदीचे फूल काढून दाखवले. सुरीला आधी ते चोळले होते. लिंबाच्या आंबटपणाने त्याचा रंग लालभडक होतो. "हे रक्त कुणाचं?" त्यांनी विचारले. कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "आता त्या बुढीच्या घरी जा आणि चारोळी वेचायला मदत करा." आम्ही गेलो. तिने दार उघडले नाही.

तेव्हापासून मी हे सिनेमे पाहत आलो आहे, आणि त्यांचा तिरस्कार करत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण भुताच्या सिनेमावर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुधा ते बंद करा म्हणायला उभा असतो.

'वीराना' बनवणारे रामसे बंधू साधी, कष्टाळू माणसे होती. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना रामसिंघानी म्हणता येईना, म्हणून रामसे झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा रेडिओचे दुकान टाकले. पुढे वडील चित्रपटनिर्मितीकडे वळले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण त्यात एक प्रसंग होता: पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात. थिएटरमध्ये बसून प्रेक्षक पाहणाऱ्या मुलांच्या लक्षात आले की लोक सगळा सिनेमा कंटाळून पाहतात आणि तेवढ्या प्रसंगाला सावरून बसतात. सात भाऊ होते. एकाने कॅमेरा शिकून घेतला, एकाने ध्वनी, एकाने संकलन, एकाने पटकथा. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करू लागले. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरचे इंग्रजी पुस्तक समोर ठेवून त्यांनी आपली आपणच शाळा भरवली. १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' काढायला सगळे कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले, घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला, आणि चाळीसेक दिवसांत, काही लाख रुपयांत सिनेमा तयार झाला.

आपल्या वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. एकाच माणसाने पेटी वाजवायची, पडदा ओढायचा, वेळ आली तर हवालदाराची भूमिकाही करायची. याच कष्टाच्या रंगभूमीवरचे गुरनोलीचे परशुराम खुणे २०२३ साली पद्मश्री झाले, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती पुढे काढली. कमी पैशात रात्र जागवण्याची कला काय असते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण कमी पैशाच्या भीतीला एक अडचण असते, आणि माझे म्हणणे इथून सुरू होते. पैसे असतील तर भीती वातावरणातून, अभिनयातून, वेळ घेऊन उभी करता येते. पैसे नसतील तर तिला लगेच ओळखू येणारा चेहरा द्यावा लागतो. प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेला, समजावून सांगावा न लागणारा चेहरा. रामसेंनी तो शोधून काढला नाही. तो गावोगाव तयार होता. गावाबाहेर राहणारी बाई, जटा वाढवलेला बाबा, अंधारात मशाली घेऊन गोल उभे राहिलेले लोक. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरीही असाच. सैतानाचा पुजारी, त्याचे मुंडके उडवले जाते, मरता मरता तो राजघराण्याला शाप देतो आणि पिढ्यानपिढ्या त्या घरातल्या बाया बाळंतपणात मरतात. सिनेमा तुफान चालला. बाळंतपणात बाई मेली की कुणाचा तरी शाप, हे प्रेक्षकाला पटवून द्यावे लागले नाही.

    

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत १९६८ साली 'रोझमेरीज बेबी' आला, शेजारपाजारी राहणाऱ्या सैतानपूजकांचा. तो मोठ्या पैशाचा आणि मोठ्या कलावंतांचा होता. त्याच्या मागून स्वस्तातल्या सिनेमांची रांग लागली. १९७० च्या 'आय ड्रिंक युवर ब्लड'मध्ये सैतानाची पूजा करणारी टोळी एका छोट्या गावात शिरते, आणि एक मुलगा सूड म्हणून पिसाळलेल्या कुत्र्याचे रक्त त्यांच्या खाण्यात कालवतो. १९७५ च्या 'रेस विथ द डेव्हिल'मध्ये तर अख्खा मुलूखच त्या पंथाला सामील असतो. पाहणाऱ्यांना ठाऊक होते की हे खोटे आहे. पण अशी खोटी गोष्ट पंधरा वर्षे रोज ऐकली की तिच्यासाठी मनात जागा तयार होते, आणि रिकामी जागा भरली जातेच.

१९८३ साली कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाला की तिथल्या बाया-माणसे लेकरांवर अत्याचार करतात. चौकशी वाढत गेली तसे सैतानी विधींचे, भुयारांचे, बळींचे किस्से जोडले गेले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही, पण त्या शिक्षकांची आयुष्ये गेली ती गेलीच. १९९३ साली आर्कान्सा राज्यात तीन लहान मुलांचा खून झाला. पोलिसांनी तीन किशोरवयीन पोरांना पकडले. सैतानी पंथाचे विधी म्हणून खून झाला, असे न्यायालयात मांडले गेले. काळे कपडे, कर्कश संगीताची आवड, ग्रंथालयातून नेलेली पुस्तके हेही पुरावा ठरले. एकाला मृत्युदंडाची शिक्षा झाली. १८ वर्षांनी, २०११ साली, तिघे बाहेर आले. या खुनांच्या आधीच अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतले केनेथ लॅनिंग यांनी वर्षानुवर्षे असे आरोप तपासून १९९२ साली अहवाल लिहिला: माणसे मारणाऱ्या संघटित सैतानी पंथाचा पुरावा सापडत नाही.

पंथ सापडला नाही. सापडला तो पंथाला शोधायला निघालेला जमाव.

हे वाक्य मी त्या अहवालावरून बोलतो आहे, पण मला ते कळले आपल्याच जिल्ह्यात.

ऑगस्ट २०२१. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जिवती तालुका आहे. तिथल्या वणी खुर्द गावात भानामती करतात या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारले. दलित कुटुंबांतली माणसे होती, त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. दिवसाढवळ्या. पोलिसांनी तेरा जणांना अटक केली.

१ मे २०२४. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातले बारसेवाडा. रात्री गावाची पंचायत बसली. एक बाई आणि एक पुरुष, दोघेही पन्नाशी ओलांडलेले. जादूटोणा करतात असा संशय. त्यांना मारहाण करून जिवंत जाळले. पंधरा जणांना अटक झाली, आणि त्यांत त्या दोघांच्या नात्यातलीही माणसे होती.

ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो 'वीराना'. रात्र, आगीचा उजेड, गोल उभी राहिलेली माणसे, मध्ये एक बाई, कुणी बोलत नाही. सिनेमात हे चित्र दोनदा येते. एकदा गावकरी नकिताला फासावर देतात तेव्हा, आणि एकदा बाबाचा पंथ मुलीवर विधी करतो तेव्हा. दिग्दर्शकाने पहिल्याला न्याय म्हटले आहे आणि दुसऱ्याला सैतानाचे काम. आम्ही अंगणात बसून पहिल्याला टाळ्या दिल्या आणि दुसऱ्याला घाबरलो. पण दोन्ही रिंगणे सारखीच आहेत. सूड घेणारा पंथ म्हणजे काय? कुणातरी अदृश्य शक्तीच्या नावाने जमलेली माणसे, एकमेकांच्या भरवशावर धीट झालेली, मध्ये उभ्या असलेल्या एकट्या माणसाला माणूस न मानणारी. ही व्याख्या ज्या लोकांना लागू पडते ते आपल्याला गुहेत नाही, चौकात भेटले.

कुणी म्हणेल, म्हणजे खरोखर बळी देणारे कधी नव्हतेच का? होते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये एकामागून एक मुली आणि बाया मारल्या गेल्या. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती अशी कारणे खटल्यात पुढे आली. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केलेला तो तपास महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. २०२४ मध्ये त्यावर वेबमालिकाही आली. पण त्याच्या फार आधी, १९८१ साली, या प्रकरणावरून अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट केला, 'आक्रीत'. पटकथा विजय तेंडुलकरांची. पैसा बेताचाच. या चित्रपटात भूत नाही, शाप नाही, आकाशातून वीज पडत नाही. गावातला एक वजनदार माणूस आहे, त्याने ठेवलेली बाई आहे, हाव आहे, भीती आहे, आणि मुली आहेत. 'वीराना' आम्हांला एका रात्रीपुरते घाबरवून गेला. 'आक्रीत' मी नागपुरात शिकत असताना एका फिल्म सोसायटीत पाहिला, आणि परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या सभ्य गृहस्थाकडे मी सबंध वाट चोरून पाहत होतो. भीती जिथे असायला हवी तिथे त्या चित्रपटाने ती नेऊन ठेवली होती.

मराठीत पुढे भुताचे सिनेमे बरेच आले. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला आपण घाबरलो त्यापेक्षा जास्त हसलो, ते सोडून देऊ. 'लपाछपी'वर मात्र थांबले पाहिजे. २०१७ चा विशाल फुरिया यांचा चित्रपट. उसाचा फड, त्यात एकटे घर, पोटुशी बाई आणि तिला सांभाळणारी तुळसाबाई. पूजा सावंत आणि उषा नाईक, एवढ्या दोघींच्या खांद्यांवर जवळजवळ सगळा चित्रपट आहे. खर्च कमी, जागा एक. उसात खेळणारी लेकरे दिसतात, बाईचे भूत दिसते, आणि आपण सवयीने भुताला घाबरतो. मग हळूहळू कळते की सूड घ्यायला आलेली भुते ज्यांची आहेत, त्यांना त्याच घराने मारले आहे. मुलगी नको म्हणून. पुढे याच दिग्दर्शकाने त्यावर हिंदीत 'छोरी' केला. तीच सामग्री, तोच अंधार, तीच सूड घेणारी बाई. पण रिंगणाच्या मध्ये कोण उभे आहे आणि कडेला कोण, हे दिग्दर्शकाने नीट पाहिले. मला वाटते, कमी पैशाच्या भयपटाची खरी परीक्षा इथेच होते. भीतीला चेहरा द्यायचाच आहे तर तो कुणाचा द्यायचा?

आता सिनेमा बाजूला ठेवतो आणि त्या बुढीच्या शेजारच्या घराकडे येतो. तिथली दोन लेकरे कशाने गेली?

मोठेपणी मी त्या घरच्या माणसांना विचारले. धाकटा रात्री धडधाकट झोपला होता. पहाटे पोट दुखते म्हणून उठला. पापण्या उघडेनात, बोलता येईना, मान टाकली. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. उजाडेपर्यंत संपला. घरच्यांनी तेव्हाच ठरवले, केले कुणीतरी.

मायबाप हो, धानाच्या मुलखात राहणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावे. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचे कळत नाही, दात दिसत नाहीत, सूज येत नाही. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या गळतात, घशाखाली थुंकी उतरत नाही, श्वास बंद पडतो. सगळे अगदी करणी केल्यासारखे. वेळेत दवाखान्यात नेले, प्रतिविष दिले, श्वास चालू ठेवला, तर माणूस वाचू शकतो. थोरला तापाने गेला होता. ताप डोक्यात चढला, बरळू लागला, झटके आले, कुणालाच ओळखेना. घरच्यांनी अंगात शिरले म्हटले. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मेंदूला जाणारा मलेरिया अशी किती लेकरे घेऊन गेला, ते सरकारी दवाखान्यातली कुठलीही जुनी सिस्टर सांगेल. त्यात आपल्याकडे सिकलसेल. खेळता खेळता पोर हातपाय धरून ओरडायला लागते. ज्या आजाराचे नाव ठाऊक नाही त्याला आपण शेजारणीचे नाव देतो.

आणि याला उत्तरही या जंगलातच सापडले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवले: नवजात बाळ कसे तोलायचे, ऊब कशी द्यायची, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, औषध कधी द्यायचे. काही वर्षांत त्या गावांत महिनाभराच्या आतल्या बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. मला ते चित्र फार मोलाचे वाटते. रात्री अपरात्री, हातात कंदील, खांद्याला पिशवी, एक बाई बाळंतिणीच्या खोलीत शिरते आहे. अशी बाई पडद्यावर दिसली की आपण चेटकीण समजतो. इथे ती बाळाचा श्वास मोजते आहे.

कायदाही आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याआधी कितीतरी वर्षे दाभोलकर, श्याम मानव आणि त्यांचे कार्यकर्ते त्यासाठी झटत होते. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने गुरांचे दूध आटवतो, असे म्हणून कुणाला बदनाम करणे, त्रास देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुरांच्या दुधाचा उल्लेख कायद्यात आहे, कारण ज्यांनी तो लिहिला त्यांना गाव माहीत होते. पण बारसेवाडाची घटना त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने घडली. त्या रात्री पंचायत बसली तेव्हा कायदा तिथून फार लांब होता. जवळ होते ते गावकरीच.

त्या गावकऱ्यांत सगळेच मारणारे नव्हते, हे मला खात्रीने वाटते. कुठल्याही रिंगणात मारणारे चार-पाचच असतात. बाकीचे उभे असतात. कुणाला आत पटत नसते, कुणाला भीती असते की बोललो तर उद्या आपलेच नाव घेतील. माझा स्वतःचा अनुभव एवढा लहान आहे की सांगायला लाज वाटते, पण दगड उचलताना मलाही आतून नको वाटत होते. इतर सगळे उभे होते म्हणून मी उभा राहिलो, आणि उभा राहिलो म्हणून दगड उचलला. सिनेमाच्या रिंगणातून कुणी बाहेर पडताना मी आजवर पाहिलेले नाही. ते काम गावातल्या माणसालाच करावे लागेल.

ती बुढी त्यानंतर दोनेक वर्षांनी गाव सोडून गेली. लेकीकडे गेली असे कुणी म्हणाले, पण तिला लेक नव्हती. तिच्या घराची माती पावसाळ्यागणिक खाली बसत गेली. आज तिथे एका शेजाऱ्याचा गोठा आहे. तिचे खरे नाव मला या वर्षी कळले, मतदारयादीच्या एका जुन्या प्रतीत. ते मी इथे उच्चारणार नाही. जिवंतपणी तिच्या नावाची आम्ही पुरेशी दुर्दशा केली आहे.

तेव्हा एकच मागणे आहे. दवाखान्याच्या गाडीचा १०८ हा नंबर आता आपल्या लेकरांनाही पाठ आहे. तसाच पोलिसांचा ११२ पाठ करा, घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि ज्या रात्री तुमच्या मोहल्ल्यात कुणाच्या तरी नावाने माणसे गोळा होऊ लागतील, त्या रात्री अंगणातून मागे सरका, घराच्या मागच्या दाराने बाहेर पडा आणि तो नंबर फिरवा. तुमचे नाव सांगायची गरज नाही. गावाचे नाव सांगा.